लाखोळी : निघंटूंतील इशारा आणि राजशासनाचा निर्बंध

पूर्वींचा चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, आणि त्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, या दोहोंतील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा इत्यादि तालुक्यांचा धानाचा मुलूख झाडीपट्टी या नांवानें ओळखला जातो. या मुलुखांत लाखोळी, लाखोरी किंवा नुसतें लाख या नांवाचें एक कडधान्य पिकतें. त्याची लागवड अत्यंत सोपी आहे. धान कापणीस येण्यापूर्वीं सुमारें दोन आठवडे, बांधींत ओल असतांच, उभ्या पिकांत त्याचें बीं फेंकतात. नांगरट नाहीं, पाणी देणें नाहीं, राखणहि फारशी नाहीं. धान कापून नेलें कीं खालीं लाखोळी वर येते. तिची डाळ होते, वडे होतात, कोवळ्या पानांची भाजी होते, आणि उरलेला पाला गुरांस जातो. पाऊस कमी पडो वा शेतांत पाणी सांचो, हें पीक सहसा बुडत नाहीं.

या साध्या धान्याच्या विक्रीवर आपल्या देशांत इ. स. १९६१ पासून कायद्याचा निर्बंध आला. खाद्यवस्तु विषारी ठरवून बाजारांतून दूर करण्याच्या आधुनिक रीतीचें हें आपल्या प्रांतांतील एक ठळक उदाहरण होय. परंतु या धान्यासंबंधीं इशारा त्या कायद्याहून शतकें जुना असून तो संस्कृत वैद्यकग्रंथांत लिहून ठेविलेला आहे. तो जुना इशारा कोणास उद्देशून होता आणि हा नवा निर्बंध कोणास उद्देशून झाला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत वातव्याधींमध्यें ‘कलायखंज’ नांवाचा रोग सांगितला आहे, व पुढें माधवनिदानांतहि तो आला आहे. रोगी पाऊल टाकूं लागला कीं कांपतो, लंगडल्यासारखा चालतो, आणि त्याचे सांधे सुटल्यासारखे होतात, असें त्याचें वर्णन आहे. वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, या लक्षणांत रोगाचें कारण कोठेंहि सांगितलेलें नाहीं. तें केवळ नांवांत आहे. कलाय हें धान्याचें नांव, आणि खंज म्हणजे लंगडा. ज्यानें प्रथम हें नांव ठेविलें, त्याच्या डोळ्यांपुढें विशिष्ट धान्य खाऊन लंगडा झालेला मनुष्य असला पाहिजे, असें अनुमान सहज निघतें.

पण कलाय म्हणजे कोणतें धान्य? अमरकोशाच्या वैश्यवर्गांत कलाय, सतीनक, हरेणु आणि खंडिक हे शब्द एकाच धान्याचे पर्याय म्हणून दिले आहेत. याच्या उलट, सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत दोन धान्यें निराळीं केलीं आहेत. कलाय हा त्याच्या मतें वर्तुल, म्हणजे वाटोळा. तो आपला वाटाणा होय. त्याच्या पाठोपाठ तो ‘त्रिपुट’ सांगतो आणि खंडिक हें नांव त्रिपुटास देतो. त्रिपुट म्हणजे तीन बाजूंचा. लाखोळीचा दाणा ज्यांनीं हातीं घेतला आहे त्यांस तो वाटाण्यासारखा वाटोळा नसून कोनदार असतो हें सांगावयास नको. अमरानें एका नांवाखालीं ठेविलेल्या वस्तु भावमिश्रानें दाण्याच्या आकारावरून वेगळ्या केल्या, असें यावरून दिसतें. जो कोणी कलायखंज या शब्दांतील कलायाचा अर्थ वाटाणा असा करील, त्याच्या हातून मूळ इशारा निसटेल, आणि निरुपद्रवी वाटाण्यावर मात्र दोष येईल.

भावमिश्राची सांगण्याची पद्धतहि पाहण्यासारखी आहे. तो त्रिपुटाची निंदा करून आरंभ करीत नाहीं. तें गोड, कडवट व तुरट आहे, कफपित्त हरण करणारें, रुचि आणणारें व थंड आहे, असे गुण तो आधीं सांगतो, आणि मग ‘किंतु’ असा शब्द घालून त्यानें खंजत्व व पंगुत्व येतें आणि वायूचा अति प्रकोप होतो, हा दोष सांगतो. गुण आणि दोष एकाच ठिकाणीं, एकाच वाचकासमोर ठेविले आहेत. हा वाचक म्हणजे वैद्य, आणि वैद्यामार्फत तें धान्य प्रत्यक्ष खाणारा मनुष्य.

हें केवळ ग्रंथांतील वर्णन नव्हे, याचा भरपूर पुरावा पुढील काळांतील आहे. ठगांच्या बंदोबस्ताकरितां प्रसिद्ध असलेल्या स्लीमनचें प्रवासवर्णन इ. स. १८४४ मध्यें छापलें गेलें. त्यांत सागर येथील तलावाची दंतकथा ज्या प्रकरणांत आहे, त्याच प्रकरणांत या रोगाची हकीकत आहे. इ. स. १८२९ सालीं गारांनीं गहूं गेला, १८३० सालीं पाऊस वेळेवर पडला नाहीं, १८३१ सालीं पिकावर रोग पडला. तीन वर्षें हें धान्य तेवढें जोमानें वाढलें. तिकडे त्यास तिवरी म्हणतात. लोकांनीं तेंच कापलें व पुढील वर्षेंहि त्यावरच काढलीं. इ. स. १८३३ पासून तीस वर्षांच्या आंतील माणसांचें कमरेखालचें अंग लुळें पडूं लागलें, आणि त्या गांवांतील सुमारें निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत पंगु झाली. सागरचा हा मुलूख आणि चांदा हे दोन्ही पुढें, इ. स. १८६१ मध्यें बनलेल्या मध्यप्रांतांत एकत्र आले. त्या मध्यप्रांतांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. १८९६ ते १९०२ या वर्षांतील या रोगाचा स्वतंत्र अहवाल सरकारी वैद्यकखात्यांतील बुकॅनन यांनीं लिहिला, तो नागपुरास १९०४ सालीं छापला गेला. दुष्काळ आणि हा रोग यांची जोडी सरकारदरबारीं नोंदलेली आहे, एवढें यावरून सिद्ध आहे. तत्पूर्वींच, १८७३ सालीं, इटलींतील कांतानी या वैद्यानें त्या वनस्पतीच्या लॅथिरस या शास्त्रीय नांवावरून रोगास ‘लॅथिरिझम’ हें नांव दिलें. म्हणजे आमच्या कलायखंजाप्रमाणेंच तेथेंहि रोगाचें नांव धान्यावरूनच पडलें.

विष कोणतें, हें मात्र बराच काळ अज्ञात होतें. इ. स. १९६४ सालीं बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील राव, अदिग व शर्मा यांनीं दाण्यांतील तें द्रव्य वेगळें करून दाखविलें. त्याच्या लांबलचक रासायनिक नांवाचा संक्षेप ओडीएपी असा करितात. पायांची हालचाल चालविणाऱ्या मज्जातंतूंवर तें आघात करितें. बुद्धि शाबूत राहते, आयुष्यहि सहसा संपत नाहीं, पण पाय पुन्हां पूर्ववत् होत नाहींत. थोडी डाळ अधूनमधून खाणाऱ्यास हा रोग होत नाहीं. दोन-तीन महिने किंवा अधिक काळ आहाराचा मोठा भाग याच धान्याचा असला म्हणजे तो होतो. दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४२ सालच्या अखेरीस, रुमानियाच्या ताब्यांतील व्हापनियार्का येथील छावणींत ज्यू बंदिवानांस रोज सुमारें ४०० ग्रॅम हेंच धान्य व २०० ग्रॅम निकृष्ट पाव दिला जात असे. थोड्याच महिन्यांत शेंकडों बंदिवान लुळे पडले. बंदिवानांतीलच केसलर नांवाच्या वैद्यानें कारण ओळखलें. विषाचें प्रमाण आणि निरुपाय या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, याचें याहून क्रूर उदाहरण सांपडणें कठीण. दाणे गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेंकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो, हेंहि पुढें सिद्ध झालें आहे. परंतु ज्याच्या घरीं पाणी, सरपण व धान्य तिन्हींची वाण, त्यास ही कृति सांगणें सोपें, त्यानें ती करणें अवघड.

आतां निर्बंधाकडे वळूं. युरोपांत व्युर्टेंबर्ग घराण्याच्या एका ड्यूकनें इ. स. १६७१ मध्येंच या धान्याचें पीठ पावांत घालण्यास मनाई केली होती. आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, १९५५ सालीं त्याचे नियम झाले, आणि त्यांत १९६१ सालीं ४४-अ हा नियम आला. त्याचा भावार्थ असा : संबंधित राज्य सरकार राजपत्रांत जी तारीख जाहीर करील, तिच्यापासून त्या राज्यांत कोणीहि खेसारी, तिची डाळ, तिचें पीठ, किंवा त्यांचें दुसऱ्या डाळींशीं वा पिठांशीं केलेलें मिश्रण विकूं नये, विक्रीस मांडूं नये, वा विक्रीसाठीं जवळ बाळगूं नये. खेसारी म्हणजेच आमची लाखोळी.

शिलालेख अगर सनद वाचतांना आपण दान कोणी दिलें, कोणास दिलें, काय दिलें हें जसें बारकाईनें पाहतों, तसाच हा नियम वाचला पाहिजे. यांतील प्रत्येक क्रियापद विक्रीचें आहे. पेरूं नये, असें यांत नाहीं. खाऊं नये, असेंहि नाहीं. मजुरींत देऊं नये, असा स्पष्ट शब्दहि नाहीं. तारीख ठरविणें ज्या त्या राज्याच्या इच्छेवर ठेविल्यामुळें अंमलहि सर्वत्र सारखा झाला नाहीं. गडचिरोलीच्या पूर्वेस लागून असलेल्या, आज छत्तीसगड म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशांत हें धान्य तिवरा व लाखडी या नांवांनीं मोठ्या प्रमाणावर पिकतच राहिलें. आणि दोन राज्यांमधील सीमा ही जंगल व नदी यांचीच असल्यानें धान्यास ती अडवूं शकत नाहीं.

आतां सागरच्या हकीकतीशीं हा नियम ताडून पाहावा. तेथें कोणी दुकानदार नव्हता, कोणी गिऱ्हाईक नव्हतें. लोकांनीं स्वतःच्या शेतांत आलेलें धान्य कापून खाल्लें. मध्यभारतांत रेवा भागांत कर्जांत बांधलेल्या शेतमजुरांस धान्यरूपानें हेंच मिळत असे व तेच पंगु होत. तेथेंहि बाजाराचा संबंध नव्हता. तेव्हां हा नियम १८३१ सालीं सागरास लागू असता, तरी त्या गांवांतील एकहि तरुण त्यामुळें वांचला नसता. नियमानें रक्षण झालें तें शहरांतील गिऱ्हाइकाचें, ज्याच्या बेसनांत वा तुरीच्या डाळींत ही स्वस्त डाळ मिसळली जाण्याचा संभव होता. तें रक्षण योग्यच होतें. फसवणुकीपासून बचाव करणें हें शासनाचें कर्तव्यच आहे. पण हा गिऱ्हाईक मिश्र आहार घेणारा असल्यानें त्यास या रोगाचें भय मुळांतच थोडें होतें. ज्यास भय खरें होतें, त्याचा नियमांत उल्लेखच नाहीं. आणि झाडीपट्टींतील जो लहान शेतकरी वर्षांतून चार पैसे या पिकावर मिळवी, त्याचा माल मात्र चोरीचा असल्यासारखा झाला.

महाराष्ट्र शासनानें हा निर्बंध इ. स. २००८ मध्यें उठविला. नागपूरचे आहारतज्ज्ञ शांतिलाल कोठारी यांनीं त्यासाठीं दीर्घकाळ चळवळ केली होती. दरम्यान रतन, प्रतीक व महातिवडा अशा, विषाचा अंश फार कमी असलेल्या जाती संशोधकांनीं तयार केल्या, आणि २०१६ सालच्या आरंभीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनें अशा जातींस अनुकूल मत दिल्याचें प्रसिद्ध झालें. यावरून कित्येक म्हणतात कीं, लाखोळीवरील आरोपच खोटा होता. हें प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. रोग दुर्मिळ झाला तो धान्य निर्दोष होतें म्हणून नव्हे, तर माणसास दुसरें कांहीं खावयास मिळूं लागलें म्हणून. भावमिश्राचे गुणहि खरे आणि ‘किंतु’हि खरा. निर्बंधाच्या समर्थकांनीं पूर्वार्ध सोडला, विरोधक उत्तरार्ध सोडूं पाहतात.

या विषयांतील एक काम मात्र हस्तलिखितांच्या संग्राहकांवांचून होणार नाहीं. झाडीपट्टींतील मालगुजार व सावकार यांच्या मोडी वह्यांत ‘लाख’ हा शब्द आला म्हणजे तो तीन प्रकारें वाचतां येतो : संख्या, पळस-कुसुमावरील लाख, आणि लाखोळी. जंगलची लाख तोलून देतात. धान्य पायली, कुडव, खंडी या मापांनीं मोजून देतात. तेव्हां शब्दापुढील माप पाहिल्यावांचून अर्थ लावूं नये. मजुरांच्या नांवापुढें मापाची लाख कोणत्या सालीं लिहिली आहे, तींत दुष्काळाचीं सालें किती, आणि त्याच मजुरांस धान किती दिलें, हें काढतां आलें तर कोणाच्या पोटांत काय गेलें याचा प्रत्यक्ष पुरावा हातीं येईल. तसेंच निघंटूंच्या प्रतींत त्रिपुट व कलाय या शब्दांवर समासांत मराठी टीप असल्यास लेखकानें तेथें ‘लाख’ लिहिलें कीं ‘वाटाणा’, हें अवश्य टिपून ठेवावें. ज्या ज्या संग्रहांत अशा वह्या वा प्रती असतील, त्यांच्या धन्यांनीं त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत आणि त्यांतील उतारे या त्रैमासिकाकडे पाठवावे, अशी विनंती आहे.