व्यवसायासाठी वेबसाइट बनवताय? डिझाइन निवडण्याआधी हे बघा

रत्नागिरीतल्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या वेबसाइटवर ग्राहक कशासाठी येतो? पेटीचा भाव काय, पुण्या-मुंबईत घरपोच मिळेल का आणि ऑर्डर कुठे द्यायची, हे बघायला. ही उत्तरं पटकन सापडली नाहीत तर तो दुसऱ्याकडे जातो आणि आंब्याचा हंगाम काही थांबत नाही. म्हणून वेबसाइट 'कशी दिसेल' यापेक्षा 'ग्राहकाला इथे काय करायचंय' हे आधी ठरवावं.

कोणाला कसं डिझाइन? क्लासेस किंवा सीएच्या ऑफिसला माहिती, पत्ता आणि फोन नंबर देणारी चार-पाच पानं पुरतात. होमस्टेला खोल्यांचे खरे फोटो, दर आणि नकाशा हवा. माल विकायचा असेल तर ऑनलाइन पेमेंटची सोय लागते.

मोबाइलवर कशी दिसते? गुगल सर्च वेबसाइटची मोबाइल आवृत्ती प्रमाण मानतं. २०१६ मध्ये जाहीर झालेला हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे डिझायनरचा नमुना लॅपटॉपवर नाही, स्वतःच्या फोनवर उघडून बघावा.

किती वेळात उघडते? गुगलच्या निकषानुसार पानावरचा मुख्य फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा. जड फोटो आणि सरकत्या बॅनरमुळे हा वेळ वाढतो.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. भाव बदलला तर तो स्वतःला बदलता येईल का? आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे? ते डिझायनरच्या नावावर असेल, तर उद्या त्याच्याशी बिनसल्यावर दुकानाची पाटीच त्याच्या हातात राहते.