उभ्या सागाची वाळवण

तोडलेलं लाकूड वाळवावं हे कुणालाही सुचेल. झाड उभं असतानाच वाळवण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार वित्रूव्हियस सांगतो की, बुंध्याला गाभ्यापर्यंत घाव घालून झाड तसंच ठेवावं, आतला रस ठिबकून जाऊ द्यावा आणि मगच ते तोडावं.

ब्रह्मदेशात ही युक्ती सागासाठी वापरली जाई, ती नदीपायी. ओला साग पाण्यात बुडतो आणि जंगलातून बंदर गाठायला नदीशिवाय वाट नव्हती. म्हणून बुंध्याभोवती कुऱ्हाडीने खोल वलय घेत. साल आणि तिच्या आतला फिकट थर पुरता कापायचा, तपकिरी गाभा लागला की थांबायचं. मुळांचं पाणी या फिकट थरातूनच वर चढतं. तो तुटला की पानं सुकतात, झाड मरतं आणि दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळतं. मग तोडणी व्हायची, हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढायचे आणि तराफे रंगूनच्या दिशेने निघायचे.

या सागावर मोठा व्यापार उभा राहिला. 1863 मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. तोडलेल्या ओंडक्यांच्या हिशेबावरून या कंपनीचा ब्रह्मदेशाच्या राजा थिबाशी तंटा झाला. इंग्रजांनी 1885 साली तेच निमित्त करून युद्ध पुकारलं आणि थिबाचं राज्य गेलं. पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणलं. 1916 मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामागे सागाचा हा इतिहास आहे.

पण तराफ्याला पुरणारा हलकेपणा दाराला पुरत नाही. त्याचं कारण 1906 मध्ये अमेरिकेच्या हॅरी टीमन यांनी उलगडलं. लाकडात पाणी दोन जागी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं गेलं की फक्त वजन घटतं. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की भिंतीतलं पाणी निघू लागतं. लाकूड आकसतं, पिळतं, तडकतं ते तेव्हा. हे टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात. 150 ग्रॅमचा तुकडा 103 अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवल्यावर 100 ग्रॅम भरला, तर ओलावा 50 टक्के.

लाकूड वाळवण्याच्या आधुनिक भट्टीची सगळी रीत या शोधावर बेतलेली आहे. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावतात आणि सुरुवातीला गरम हवा मुद्दाम दमट ठेवतात. घाई केली तर वरचा थर आकसून ताठतो, आत ओल राहते आणि फळी फाटते. म्हणून हवेतली वाफ टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात. 1906 मध्येच स्थापन झालेल्या डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने पुढे सूर्याच्या उष्णतेवर चालणारी भट्टीही तयार केली.

वाळलेलं लाकूडही हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात त्याचा ओलावा 16 टक्क्यांवर चढतो, तर मे महिन्यातल्या नागपुरात सहाच्या आसपास उतरतो. त्यामुळे वखारीत ‘सीझन केलेलं आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. फळीला ओलावा मोजणारा मीटर लावून आकडा बघावा आणि तो आपल्या गावाच्या हवेला साजेसा असेल तरच चौकटीचं माप द्यावं.