घरचा मीडिया सर्व्हर बाहेरगावाहून उघडत नाही? तपासणीचा क्रम



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी जुन्या कॅसेट, व्हीएचएस टेप, लग्न-मुंजीच्या सीडी आणि मंडळाच्या नाटकांची चित्रणे आता संगणकावर उतरवून घेतली आहेत. घरातल्या एका संगणकावर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा प्रोग्राम टाकला की तो संगणक ‘मीडिया सर्व्हर’ होतो. मग टीव्हीवर, मोबाइलवर हवे ते लावून बघता येते. इंदूरच्या घरात हे सगळे छान चालते. अडचण येते ती पुण्याहून, बंगळूरहून किंवा परदेशातून मुले-नातवंडे ते उघडू पाहतात तेव्हा.

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. १९८९ साली दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, आईला टेपरेकॉर्डरसमोर बसवून तिच्या माहेरच्या आठवणी बोलत्या केल्या होत्या. ती एकच कॅसेट, चाळीस मिनिटांची. दादा आता पुण्यात असतो आणि त्याला प्रवास झेपत नाही. आईच्या तिथीला त्याला तो आवाज ऐकायचा होता आणि नेमका त्याच आठवड्यात सर्व्हर बाहेरून उघडेना. चार दिवस मी राउटर बंद-चालू केला, सेटिंग बदलली, प्रोग्राम पुन्हा टाकला. पाचव्या दिवशी कळले की दोष आमच्या घरात नव्हताच. शेवटी ती एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून वेळ निभावली. पण बाकीच्या दोनशे तासांच्या ठेव्याचे काय?

बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही की आम्ही सगळी व्हाउचरे एकदम उपसत नसू. एका टोकापासून सुरुवात करून एकेक रकमेला टिक करत जात असू. इथेही तेच करावे. आधी घर, मग राउटर, मग कंपनी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

आधी तीन शब्द समजून घेऊ

आयपी पत्ता म्हणजे इमारतीचा पत्ता. पोर्ट म्हणजे त्या इमारतीतला काउंटर क्रमांक. जेलीफिनचा नेहमीचा काउंटर ८०९६, तर प्लेक्सचा ३२४००. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. पत्ता चुकला, काउंटर बंद असला किंवा पहारेकऱ्याने अडवले, तर बाहेरच्या माणसाला एकच अनुभव येतो, तो म्हणजे ‘उघडत नाही’. म्हणून या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

(खाली आकडे मराठीत दिले आहेत. संगणकावर टाइप करताना ते इंग्रजी अंकांत टाकावेत.)

पायरी १ : घरात चालतो आहे का?

सर्व्हरच्याच संगणकावर ब्राउझर उघडून पाहा. चालला तर घरच्या वायफायवरील मोबाइलवरून पाहा. पहिल्या ठिकाणीच चालत नसेल तर प्रोग्राम बंद पडला आहे किंवा संगणक झोपला आहे. विंडोजमध्ये ठरावीक वेळाने संगणक ‘स्लीप’मध्ये जातो. पॉवरच्या सेटिंगमध्ये ते बंद करावे. पावसाळ्यात वीज गेल्यावर संगणक आपोआप पुन्हा सुरू होत नाही. बहुतेक संगणकांच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर स्वतः सुरू होण्याची सोय असते, ती चालू करावी. शक्य असेल तर राउटर आणि सर्व्हर दोन्ही लहान यूपीएसवर ठेवावेत.

संगणकावर चालतो पण मोबाइलवर नाही, तर विंडोजचा पहारेकरी पाहा. घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करावे आणि फायरवॉलमध्ये आपल्या प्रोग्रामला परवानगी द्यावी. फायरवॉल पूर्ण बंद मात्र करू नये.

पायरी २ : घरातला पत्ता बदलला का?

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.१० अशा धर्तीचा पत्ता देतो. हा पत्ता कायमचा नसतो. काल सर्व्हरला १० होता आणि वीज जाऊन आल्यावर १४ मिळाला, तर राउटर बाहेरून आलेली मागणी अजूनही १० कडेच पाठवत राहतो. उपाय एकदाच करायचा आहे. राउटरमधील ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ या सोयीने सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवावा.

पायरी ३ : प्रोग्रामची परवानगी

जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये ‘नेटवर्किंग’ खाली बाहेरून जोडणीला परवानगी देण्याची एक खूण आहे. तशीच दुसरी खूण प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात असते. पहिली लावली आणि दुसरी राहिली, तर तुम्हाला बाहेरून उघडते आणि सुनेला उघडत नाही. प्लेक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. एप्रिल २०२५ अखेरपासून घराबाहेरून स्वतःचा व्हिडिओ पाहण्यासाठी सर्व्हरच्या मालकाकडे किंवा पाहणाऱ्याकडे पैसे भरून घेतलेली वर्गणी लागते. त्याआधी विनामूल्य चालत होते आणि मग बंद पडले, तर कारण बहुधा हेच. जेलीफिन पूर्ण विनामूल्य आहे.

पायरी ४ : दोन पत्त्यांची तुलना

माझे चार दिवस वाया गेले ते ही पायरी न केल्यामुळे, म्हणून इथे थोडा थांबतो.

राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या मथळ्याखाली जो आयपी पत्ता दिसतो, तो लिहून घ्या. मग घरच्याच वायफायवरून ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जा आणि तिथे दिसणारा पत्ता शेजारी लिहा. साध्या चार आकड्यांचे पत्तेच एकमेकांशी ताडून पाहायचे. अक्षरे आणि अंक मिसळलेला लांबलचक पत्ता वेगळ्या प्रकारचा असतो.

दोन्ही पत्ते सारखे असतील तर बाहेरचा पत्ता तुमच्या एकट्याच्या घराचा आहे. पुढच्या पायरीवर जा.

वेगळे असतील तर राउटरवरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्याच्या मागे आहात. याला सीजीनॅट म्हणतात. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरात एकामागे एक दोन राउटर आहेत, म्हणजे कंपनीची फायबरची पेटी आणि तुम्ही विकत आणलेला राउटर. अशा वेळी दोघांपैकी एकाला ‘ब्रिज’ करून घ्यावे. १० ने सुरू होणारा पत्ता या दोन्हींपैकी काहीही असू शकतो. आधी घरातल्या पेट्या मोजाव्यात.

सामाईक पत्ता का देतात? आयपीच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आवृत्ती ४ मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिक विभागातला मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा गट अशा सामाईक वापरासाठी राखून ठेवला गेला. शाखेत टेलिफोन ऑपरेटरचा बोर्ड असायचा, तसेच हे आहे. आतून बाहेर फोन सहज लागतो. पण बाहेरच्याने मुख्य क्रमांक फिरवला आणि आत कोणाला जोडायचे हे ऑपरेटरला ठाऊक नसले, की फोन तिथेच तुटतो. तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, मागणी तुमच्या दारापर्यंत येतच नाही.

माझ्या बाबतीत असे झाले होते की योजना बदलताना कंपनीने मला स्वतंत्र पत्त्यावरून सामाईक पत्त्यावर टाकले. इंटरनेट चालू, वेग उत्तम, बिलावर एक शब्द नाही.

सामाईक पत्ता निघाला तर काय करावे?

पहिला उपाय म्हणजे कंपनीकडे लेखी विनंती करून स्वतंत्र आयपी पत्ता मागणे. यासाठी बहुधा जादा शुल्क पडते.

दुसरा उपाय म्हणजे टेलस्केलसारखे खासगी जाळे. मी हाच वापरतो. सर्व्हरवर आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलवर तो प्रोग्राम टाकायचा. दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे ऑपरेटरचा अडथळा राहत नाही आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावे लागत नाही. घरगुती वापराला विनामूल्य योजना पुरते. दोन बारकावे लक्षात ठेवावेत. या जाळ्यात सर्व्हरला १०० ने सुरू होणारा वेगळा पत्ता मिळतो, जेलीफिन त्याला ‘बाहेरचा’ समजू शकतो, म्हणून पायरी ३ ची परवानगी लागते. आणि प्रत्येक यंत्राची नोंदणी सहसा १८० दिवसांनी संपते. सहा महिने उत्तम चालून अचानक बंद पडले तर हे पाहावे. टेलस्केलच्या आपल्या खात्यात जाऊन सर्व्हरपुरती ही मुदत बंद करता येते.

तिसरा उपाय म्हणजे आयपीची नवी पद्धत, आवृत्ती ६. तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही. पण तुमचे आणि पाहणाऱ्याचे दोघांचेही इंटरनेट त्या पद्धतीचे असावे लागते आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट द्यावी लागते.

पायरी ५ : पत्ता स्वतंत्र असेल तर

राउटरमधील ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये बाहेरचे पोर्ट सर्व्हरच्या राखीव पत्त्याकडे वळवावे. स्वतंत्र पत्ताही राउटर सुरू-बंद झाल्यावर बदलू शकतो. त्यासाठी ‘डायनॅमिक डीएनएस’ची सोय घ्यावी. तिच्यामुळे एक कायमचे नाव मिळते आणि पत्ता बदलला तरी नाव चालू राहते.

चाचणी घेताना मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घ्यावी. घरात बसून घरच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकला तर अनेक राउटर ती मागणी परत आत वळवत नाहीत. मग सगळे बरोबर असूनही ‘उघडत नाही’ असेच दिसते.

उघडते, पण अडखळते

हा दोष जोडणीचा नसून वेगाचा आहे. बाहेरचा माणूस पाहतो तेव्हा तुमच्या घरचा ‘अपलोड’ वेग कामाला येतो. वेग तपासताना तोच आकडा पाहावा. आवाजाच्या फायलींना फार वेग लागत नाही. व्हीएचएसवरून उतरवलेल्या चित्रणाला साधारण २ एमबीपीएस आणि चांगल्या एचडी चित्रणाला ५ ते ८ एमबीपीएस धरून चालावे. दोन नातेवाईक एकाच वेळी पाहणार असतील तर दुप्पट.

वेग पुरेसा असूनही अडखळत असेल तर सर्व्हर दमतो आहे. समोरच्या मोबाइलला किंवा ब्राउझरला फाइलचा प्रकार चालत नसेल, तर सर्व्हर ती चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलत राहतो. जुन्या संगणकाला ते झेपत नाही. फायली आधीच एमपी४ मध्ये, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज या प्रकारात ठेवल्या तर बहुतेक यंत्रांवर त्या जशाच्या तशा चालतात.

सुरक्षितता : इथे हयगय नको

जेलीफिनचे ८०९६ हे पोर्ट थेट जगाला उघडे करू नये. त्यावरून पासवर्ड उघड्या पाकिटातून गेल्यासारखा जातो. उघडायचेच असेल तर जाणकाराकडून एचटीटीपीएस लावून घ्यावे. नाहीतर खासगी जाळेच बरे. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. राउटरमधील ‘डीएमझेड’ हा पर्याय वापरू नये, तो घराची सगळी दारे उघडतो. नातेवाइकांना स्वतंत्र साधी खाती द्यावीत, व्यवस्थापकाचे खाते कोणालाही देऊ नये.

बँकेत आयुष्य गेले म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंटरनेट कंपनीचा मदत क्रमांक गुगलवर शोधू नका, बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधला घ्या. खोटे क्रमांक टाकून बसलेले लोक ‘सर, एक अ‍ॅप टाका, आम्ही बघतो’ म्हणतात आणि स्क्रीनवरून बँक खाते रिकामे करतात. असे घडलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा.

आणि सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे. हार्ड डिस्क एक दिवस जाणारच. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी असावी. आईच्या कॅसेटची तिसरी प्रत आता दादाकडे पेनड्राइव्हमध्ये आहे.

राउटरशेजारी चिकटवण्यासाठी

१. सर्व्हर जागा आहे का? घरातल्या मोबाइलवर उघडतो का?
२. घरातला पत्ता तोच आहे का?
३. प्रोग्रामची आणि वापरकर्त्याची परवानगी आहे का?
४. राउटरवरचा आणि बाहेरचा पत्ता सारखा आहे का?
५. सारखा असेल तर पोर्ट तपासा. नसेल तर राउटरला हात लावू नका. आधी घरातल्या पेट्या मोजा, एकच पेटी असेल तर कंपनीला विचारा किंवा खासगी जाळे वापरा.
६. चाचणी मोबाइल डेटावरच घ्या.

हा क्रम पाळला तर चार दिवसांचे काम अर्ध्या तासात होते. दादा आता दर रविवारी दुपारी पुण्याहून काहीतरी लावतो आणि कोणत्या नाटकात कोणी वाक्य विसरले होते ते सांगायला मला फोन करतो.