डॉ. कोटणीस आणि मोडलेला करार

डॉ. कोटणीसांची गोष्ट ‘चीनला गेलेले वैद्यकीय पथक’ एवढ्यावरच भागत नाही; मामला त्याहून मोठा. चीनच्या सार्वभौमत्वाचा मान राखू, असे म्हणणाऱ्या १९२२च्या नऊ राष्ट्रांच्या करारावर जपानची सही होती. त्याच जपानने १९३७मध्ये चीनवर चढाई केली. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) करारभंगाचा ठपका ठेवला, पण गाडे कागदापुढे सरकले नाही.

अशा वेळी, १९३८मध्ये, भारतातल्या काँग्रेसने चीनच्या मदतीला पाच डॉक्टर धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. गंमत अशी, की पाठवणारा भारत स्वतःच परतंत्र, तरी राष्ट्रसंघाचा सभासद!

पथकातले नागपूरचे डॉ. चोळकर आणि इतर सहकारी यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस उत्तर चीनमधील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले.