सर्व्हर डाउन म्हणजे नेमकं काय? क्लस्टरमधला सर्व्हर बंद पडला तर बिघाड कसा शोधतात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावात रेशन दुकान, बँक किंवा सेवा केंद्राच्या रांगेत ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण मोठ्या सेवांची माहिती सहसा एकाच सर्व्हरवर नसते, ती अनेक सर्व्हरवर वाटलेली असते. मग काम अडतं का? आणि बंद पडलेला सर्व्हर घाईने सुरू करणं धोक्याचं का असतं?

क्लस्टर म्हणजे काय?

अनेक सर्व्हर मिळून एकच डेटाबेस चालवतात, तेव्हा त्या गटाला क्लस्टर म्हणतात. त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड. एकाच नोंदीच्या प्रती बहुधा तीन नोडवर ठेवतात. ‘कॅसँड्रा’ हा असाच एक डेटाबेस. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो फेसबुकमध्ये तयार केला आणि २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

महत्त्वाच्या नोंदी बहुमताने पक्क्या होतात. तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन नोडनी होकार दिला, की नोंद पक्की. त्यामुळे तीनपैकी एक नोड बंद पडला तर ग्राहकाला कळतही नाही. दोन पडले, तर तिसरा चालू असूनही नवी नोंद घेत नाही. बाकीचे दोघे खरंच बंद आहेत की फक्त त्यांच्याशी संपर्क तुटलाय, हे त्याला कळू शकत नाही. दोन्हीकडे नोंदी होत राहिल्या, तर एकाच खात्यात दोन वेगळ्या शिलकी दिसतील. म्हणून तो थांबतो. काम अडलं तरी हिशेब चुकत नाही.

पहिला प्रश्न: बंद पडला की दिसेनासा झाला?

गावातली इंटरनेटची लाइन तुटली तरी दुकानातल्या मशिनवर सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचाच संदेश येतो. क्लस्टरच्या आतही तसंच होतं. एका नोडला दुसरा ‘बंद’ दिसतो, पण प्रत्यक्षात मधलं नेटवर्क गेलेलं असतं.

कॅसँड्रात ‘नोडटूल स्टेटस’ ही आज्ञा दिली की कोणता नोड चालू आणि कोणता बंद ते दिसतं. ती दोन-तीन वेगवेगळ्या नोडवरून देऊन पाहावी. उत्तरं जुळली नाहीत, तर संशय आधी नेटवर्कवर घ्यावा.

दुसरा प्रश्न: बंद पडण्याआधी काय झालं?

नोड पुन्हा सुरू करण्याआधी त्याचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, जपून ठेवाव्यात. नेहमीची कारणं अशी:

- मेमरी संपणं. मेमरी अपुरी पडली की लिनक्स एखादा मोठा प्रोग्रॅम सक्तीने बंद करतं, आणि तो बहुतेकदा डेटाबेसच असतो. अशा वेळी डेटाबेसचा लॉग कारण न देता मध्येच तुटतो. खरं कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमध्ये सापडतं. कंटेनरमध्ये चालणारा डेटाबेस १३७ हा आकडा देऊन थांबला असेल, तर हीच शक्यता आधी तपासावी.
- डिस्क भरणं किंवा खराब होणं. नोंद लिहायला जागाच उरली नाही, की बरेच डेटाबेस स्वतःहून थांबतात.
- घड्याळ चुकणं. ‘कॉक्रोचडीबी’ या डेटाबेसमध्ये नोडच्या घड्याळांत जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंदांचा फरक गृहीत धरलेला असतो. नोडचं घड्याळ त्या मर्यादेजवळ भरकटलं, की तो नोड आपणहून बंद होतो.
- नुकताच केलेला बदल. नवी आवृत्ती, बदललेली सेटिंग किंवा मुदत संपलेलं प्रमाणपत्र.

घाई केली तर काय होतं?

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘गिटहब’मध्ये नेटवर्कचं उपकरण बदलताना दोन केंद्रांमधला संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात यंत्रणेने आपोआप दुसऱ्या केंद्रातल्या डेटाबेसला मुख्य ठरवलं. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या, ज्या दुसरीकडे नव्हत्या. कंपनीने वेगापेक्षा माहिती शाबूत ठेवण्याला महत्त्व दिलं आणि सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. चटकन सेवा सुरू करून लोकांच्या नोंदी गमावण्यापेक्षा हा उशीर परवडणारा होता.

नोड परत आणताना

एका वेळी एकच नोड सुरू करावा. तो पूर्ण सामील झाला आणि राहिलेल्या नोंदी त्याच्याकडे पोहोचल्या, की मग पुढचा. बहुमत नसताना उरलेल्या नोडला जबरदस्तीने मुख्य करण्याची सोय काही डेटाबेसमध्ये असते, पण ती अगदी शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी.

नोड किती वेळ बंद होता, हेही पाहावं लागतं. कॅसँड्राच्या मूळ सेटिंगनुसार बंद नोडसाठी राहिलेल्या नोंदी इतर नोड तीन तासांपर्यंतच साठवतात. त्याहून जास्त वेळ गेला, तर दुरुस्तीची आज्ञा वेगळी द्यावी लागते. आणि दहा दिवसांहून अधिक काळ बंद असलेला नोड तसाच जोडला, तर पुसून टाकलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होऊ शकतात. असा नोड कोरा करून नव्याने जोडणंच बरं.

वापरणाऱ्यांनी काय करावं?

अडखळलेल्या यंत्रणेवर सगळेच एकदम पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागले, की उरलेल्या सर्व्हरवरचा भार वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय सेवा अडखळली, तेव्हा व्यवहार झाला का हे विचारणाऱ्या बँकांच्या विनंत्यांचा पूर हे त्यामागचं एक कारण ठरलं. त्यानंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अशा विनंत्यांवर मर्यादा घातली.

म्हणून पैसे कापले गेले आणि ‘प्रलंबित’ असं दिसलं, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि थोड्या वेळाने स्थिती पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार समोरच्या व्यक्तीला न मिळालेली यूपीआयची रक्कम पुढच्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला न पोहोचलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.