मुखवटा उरतो, सोंग उरत नाही

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात संबळाच्या तालावर देवदानवांची सोंगे रात्रभर नाचतात. एरवी घरात जपून ठेवलेला लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा तेव्हा देव होतो.

चीनमधील ल्यांगचू संस्कृतीत (इ. स. पू. ३३०० ते २३००) जेड या कठीण दगडाच्या, बाहेरून चौकोनी व आतून गोल अशा नळ्या घडवीत. वाळू आणि पाणी लावून दगड चिकाटीने घासावा लागे. एवढ्या श्रमाच्या वस्तू थडग्यांत सापडल्या. पण त्यांचा विधी सांगणारे लेखन मागे राहिले नाही. वस्तू उरली, विधी हरपला.

बोहाड्याचे असे होऊ नये. मुखवट्याबरोबर सोंगांचा क्रम आणि संबळाचे ताल गावातल्या जाणत्यांना विचारून आपण विद्यार्थ्यांसह नोंदवून ठेवू या.