पॅकिंगच्या कागदावरची भूक

१९४३ साली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं भूक आणि रोगराईला बळी पडली, असा अंदाज आहे. तरीही सरकारनं अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केलाच नाही! महायुद्ध सुरू होतं. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यानं तिथून येणारा तांदूळ थांबला होता. १९४२च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळानं झोडपलं. भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि खेड्यांतली माणसं अन्नाच्या आशेनं कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन पडली.

त्या फुटपाथवरून तेव्हा एक तरुण चित्रकार हिंडत होता. जैनुल आबेदिन त्याचं नाव. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत तो शिकवत असे. ब्रह्मपुत्रेच्या जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी त्याला १९३८ साली सुवर्णपदक मिळालं होतं. पण समोरचं दृश्य त्या रंगांत मावणारं नव्हतं. त्यानं स्वस्तातला पॅकिंगचा कागद घेतला, काळी शाई घेतली आणि जवळजवळ कोरड्या ब्रशानं रेघा ओढल्या.

या चित्रांत इमारती नाहीत, रस्ता नाही. आहेत ती माणसं, आणि त्यांच्या शेजारी उकिरड्यावर अन्न शोधणारे कावळे. खरखरीत रेघेतून बरगड्या मोजता येतात. पण नजर खिळते ती दुसरीकडेच. आईला बिलगलेलं मूल. एकमेकांना टेकून बसलेली माणसं. भुकेनं घरदार नेलं, अंगावरचं मांसही नेलं. तरी ती एकमेकांना धरून आहेत. म्हणून आपल्याला नुसती कीव येत नाही, ती आपलीच माणसं वाटतात. तीस लाख हा आकडा हे करू शकत नाही.

अशा रेघांची सत्तेला भीती वाटते. चित्तप्रसाद या दुसऱ्या चित्रकारानं मेदिनीपूरच्या गावांत फिरून रेखाटनं केली. त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघताच सरकारनं ती जप्त करून नष्ट केली. हेच चित्तप्रसाद पुढे अनेक वर्षं आपल्या मुंबईत राहिले.

फाळणीनंतर जैनुल ढाक्याला गेले. १९४८ साली त्यांनी तिथं कलाशाळा उभारली. १९७०च्या चक्रीवादळात लाखो माणसं दगावली, तेव्हा त्यांनी पुन्हा तीच काळी शाई हाती घेतली. ‘मनपुरा’ हे त्यांचं सुमारे ३० फूट लांबीचं चित्र त्या मृतांचं आहे. १९७६ साली ते गेले. आज बंगालच्या त्या दुष्काळाचा विषय निघाला, की सरकारी अहवालांच्या आधी त्यांची ही चित्रंच डोळ्यांपुढे येतात.